काउंटी कौन्सिल मोडण्याआधी

मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. आपल्या पणजोबांच्या पिढीच्या तोंडी असलेले ‘जिल्हा लोकल बोर्ड’, ‘लोकल बोर्डाची शाळा’ हे शब्द त्या काळातले. बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर, मतदार मूठभर आणि अधिकार तुटपुंजे, हे सगळं खरं. तरीही रस्ता, शाळा, दवाखाना यांबद्दल बोलायला निवडून आलेली काही माणसं बोर्डात बसू लागली. या कायद्यामागे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा ठराव होता. त्यातला मुद्दा मला आजही फार मोलाचा वाटतो. स्थानिक स्वराज्य संस्था द्यायच्या त्या मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून नव्हे, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळावं म्हणून, असं रिपन यांनी स्पष्ट लिहिलं होतं. कारभारात सुरुवातीला चुका होतील, हेही त्यांनी धरून चाललं होतं.

ही गोष्ट आठवायचं कारण असं की, रिपन यांनी हा ठराव केला तेव्हा खुद्द इंग्लंडच्या एकाही काउंटीत लोकांनी निवडून दिलेलं मंडळ कारभार पाहत नव्हतं. शहरांत नगरपालिका होत्या, शाळांची निवडून आलेली मंडळं होती. पण काउंटी, म्हणजे साधारण आपला जिल्हा, ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींच्या हातात होती. हे बहुतेक गावचे जमीनदार. त्यांची नेमणूक राजाच्या नावाने व्हायची, मत कोणी विचारायचं नाही. वर्षातून चार वेळा ‘क्वार्टर सेशन्स’ भरायची. चोरीमारीचे खटले चालवणारी हीच मंडळी पुलांची डागडुजी, वेड्यांची इस्पितळं आणि पोलीस यांचा खर्च ठरवायची आणि त्यासाठी घरपट्टी बसवायची. कर भरणाऱ्याला त्यात शब्द नव्हता.

ही व्यवस्था १८८८ च्या कायद्याने संपवली. लॉर्ड सॉल्सबरी यांचं सरकार हुजूरपक्षाचं होतं, पण चार्ल्स रिची या मंत्र्याने कायदा नेटाने पुढे रेटला. जानेवारी १८८९ मध्ये काउंटी कौन्सिलांच्या पहिल्या निवडणुका झाल्या आणि १ एप्रिल १८८९ पासून नव्या कौन्सिलांनी कारभार हाती घेतला. अनेक काउंट्यांत पुन्हा तेच जमीनदार निवडून आले, हे खरं आहे. पण आता त्यांना दारोदार जाऊन मत मागावं लागलं होतं, आणि हा फरक लहान नव्हता. लंडनच्या कौन्सिलवर तर जेन कॉब्डेन आणि लेडी सँडहर्स्ट या दोन स्त्रिया निवडून आल्या. लेडी सँडहर्स्ट यांची निवड न्यायालयाने रद्द केली. काउंटी कौन्सिलवर बसण्याचा स्पष्ट हक्क स्त्रियांना मिळायला १९०७ साल उजाडलं.

आता या कौन्सिलांचा शेवट जवळ आला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि जिथे अजून काउंटी कौन्सिल व तिच्या खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल (नाव ‘डिस्ट्रिक्ट’, पण साधारण आपल्या तालुक्यासारखी) असे दोन स्तर आहेत तिथे दोन्ही मोडून एकच ‘युनिटरी’ कौन्सिल आणण्याचं ठरवलं. उरलेल्या काउंटी कौन्सिल २१, त्यांच्या पोटातल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिल १६४. नवी कौन्सिल साधारण पाच लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीची असावी, पैसा वाचेल आणि कोणतं काम कोणाचं याचा गोंधळ मिटेल, असं सरकार म्हणतं. माझं म्हणणं असं की सरकारने दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे दिलं आहे. काउंटी कौन्सिल दुबळी झाली ती तिच्याकडचा पैसा आणि ठरवण्याचा अधिकार काढून घेतल्यामुळे. तिचा आकार बदलून ते परत येत नाहीत.

हे दाखवायला मी केंब्रिजशायर घेतो. विद्यापीठामुळे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या काउंटीचा मोठा भाग म्हणजे सपाट शेतं, काळी दलदलीची जमीन आणि लहान लहान गावं. १८८९ साली केंब्रिजशायर आणि आयल ऑफ ईली अशा दोन वेगळ्या कौन्सिल झाल्या. केंब्रिज शहराला काउंटीतून वेगळं होण्याचा, म्हणजे ‘काउंटी बरो’चा, दर्जा कधीच मिळाला नाही. मोठ्या शहरांना तो मिळत असे आणि मग त्यांची घरपट्टी त्यांच्यापाशीच राही. केंब्रिजला तो मिळाला असता तर आजूबाजूच्या गरीब खेड्यांच्या कौन्सिलपाशी फार थोडं उरलं असतं. शहराचा पैसा खेड्याला मिळत राहिला, ही काउंटी कौन्सिलची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी कामगिरी आहे.

सुरुवातीला कौन्सिलकडे कामं थोडी होती: रस्ते, पूल, इस्पितळं. पोलिसांवरचा ताबा जस्टिस मंडळींच्या बरोबरीने वाटून घ्यावा लागत होता. मग १८९० मध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. सरकारने दारूवरचा कर वाढवला. परवाने रद्द होणाऱ्या दारू-दुकानदारांना त्यातून भरपाई द्यायची होती. त्यावर एवढा गदारोळ झाला की तो पैसा काउंटी कौन्सिलांकडे तांत्रिक शिक्षणासाठी वळवण्यात आला. लोक त्याला ‘व्हिस्कीचा पैसा’ म्हणत. या पैशावर अनेक कौन्सिलांनी संध्याकाळचे वर्ग काढले, शेतकीचे शिक्षक नेमले, दुग्धव्यवसायाचं प्रशिक्षण सुरू केलं. पैसा हातात आला आणि काय करायचं ते ठरवायची मुभा मिळाली, तेव्हा कालपर्यंत पूल मोजणारी मंडळी शिक्षणाचा विचार करू लागली. १९०२ च्या शिक्षण कायद्याने शाळाच कौन्सिलांकडे आल्या, त्यामागे या दहा-बारा वर्षांची तयारी होती.

१९२२ साली हेन्री मॉरिस केंब्रिजशायरच्या शिक्षण खात्याचे प्रमुख झाले आणि १९५४ पर्यंत त्या पदावर राहिले. खेड्यातल्या शाळा एक-दोन खोल्यांच्या होत्या. मुलं शिकून शहराकडे निघून जायची, आणि उरलेल्यांना संध्याकाळी जायला दारूच्या गुत्त्याशिवाय फारसं काही नव्हतं. १९२४ मध्ये मॉरिस यांनी कौन्सिलपुढे एक टिपण ठेवलं. प्रत्येक लहान गावात वेगवेगळ्या गोष्टी बांधण्याऐवजी आठ-दहा गावांच्या मध्ये एक ‘व्हिलेज कॉलेज’ बांधा, असं त्यात सुचवलं होतं. दिवसा अकरा वर्षांवरच्या मुलांची शाळा, संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग, आणि त्याच छपराखाली वाचनालय, सभागृह, बाळंतिणींचा दवाखाना. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत एकाच दारातून आत-बाहेर करेल, अशी ती कल्पना होती.

कौन्सिलमधल्या शेतकरी सभासदांना हे पटवणं सोपं नव्हतं. घरपट्टी वाढेल ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. मॉरिस यांनी कार्नेगी विश्वस्त निधीकडून पैसे मिळवले, अमेरिकेपर्यंत हात पसरला, स्थानिक कारखानदारांकडून जमिनी मिळवल्या. पहिलं व्हिलेज कॉलेज सॉस्टन इथे १९३० मध्ये उघडलं. बॉटिशम आणि लिंटन १९३७ मध्ये. इंपिंग्टनचं १९३९ मध्ये, त्यासाठी जागा जॅम बनवणाऱ्या चिव्हर्स कुटुंबाने दिली. त्याची इमारत वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांनी उभी केली. बाउहाउस या कलाशाळेचे संस्थापक ग्रोपियस नाझी जर्मनीतून बाहेर पडून काही वर्षं इंग्लंडमध्ये होते. बाहेरच्या वास्तुविशारदांची फी द्यायला कौन्सिल तयार नव्हती, म्हणून चाहत्यांनी वर्गणी गोळा केली. इंग्लंडमधल्या आधुनिक वास्तुकलेच्या सर्वात देखण्या इमारतींत गणली जाणारी ती वास्तू खेड्यातल्या मुलांसाठी उभी राहिली. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा मला भरून येतं.

मॉरिस थोर होते, पण एकटा अधिकारी थोर असून चालत नाही. त्यांच्या टिपणावर वाद घालायला, ते नाकारायला आणि शेवटी मान्य करायला एक सभागृह होतं. ते लंडनपासून दूर होतं आणि त्याला शाळा बांधायचा अधिकार होता. आज सॉस्टन आणि इंपिंग्टन या दोन्ही शाळा ‘अकॅडमी’ झाल्या आहेत. त्यांचा पैसा थेट केंद्र सरकारकडून विश्वस्त संस्थांना जातो. ज्या कौन्सिलने त्यांना जन्म दिला, तिचा त्यांच्या कारभारात आता काही हात नाही.

शिक्षणाची गोष्ट मी लांबवली, पण बाकीच्या कामांचा इतिहासही त्याच वळणाचा आहे. १९०८ च्या कायद्याने कौन्सिलांना जमीन घेऊन छोट्या शेतकऱ्यांना खंडाने द्यायचा अधिकार मिळाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी तो पुष्कळ वापरला गेला. केंब्रिजशायर कौन्सिलकडे आजही इंग्लंडमधल्या कोणत्याही कौन्सिलपेक्षा जास्त शेतजमीन आहे. ज्याच्याकडे बापजाद्यांची जमीन नाही अशा तरुणाला शेतीत शिरायचं ते दार आहे. १९१९ च्या कायद्याने काउंटी वाचनालयं आली, पुस्तकं पेट्यांतून खेड्यांत जाऊ लागली. १९२९ च्या कायद्याने गरिबांच्या मदतीचं काम आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्पितळं राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली, पण वृद्धांची, अपंगांची, निराधार मुलांची काळजी कौन्सिलकडे राहिली. आज काउंटी कौन्सिलच्या खर्चाचा अर्ध्याहून मोठा हिस्सा या एका कामावर जातो, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

कौन्सिलने नेहमी शहाणपणाच केला असं मी म्हणणार नाही. केंब्रिज ते सेंट आइव्ह्ज या जुन्या रेल्वेमार्गावर तिने बससाठी काँक्रीटचा खास मार्ग बांधला. तो ठरलेल्या वेळेनंतर, वाढलेल्या खर्चाने आणि ठेकेदाराशी भांडत २०११ मध्ये सुरू झाला. पुढे त्या मार्गावर तीन जणांचे जीव गेले, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सुरक्षेतल्या हलगर्जीबद्दल कौन्सिलला ६० लाख पौंडांचा दंड केला. हा दोष कौन्सिलचाच आहे. तो दंडही शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो, हे त्याहून वाईट.

दोन स्तरांचा गोंधळही खरा आहे. घरचा कचरा उचलते डिस्ट्रिक्ट कौन्सिल, त्याची विल्हेवाट लावते काउंटी. हजार घरांच्या वसाहतीला परवानगी देते डिस्ट्रिक्ट, त्या घरांतल्या मुलांना शाळा आणि रस्ते द्यायचे काउंटीने. करबिल पाठवते डिस्ट्रिक्ट, त्यातला सर्वात मोठा वाटा असतो काउंटीचा, आणि शिव्या खाते बिल पाठवणारी. त्यात २०१७ पासून केंब्रिजशायर आणि पीटरबरोसाठी मिळून एक थेट निवडलेला मेयरही आला. सामान्य माणसाने खड्ड्याची तक्रार कुठे करायची? एकच कौन्सिल असावी या मागणीत तथ्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण आजवरच्या मोडतोडीकडे बघा. १९६५ मध्ये केंब्रिजशायर आणि आयल ऑफ ईली एकत्र केले. १९७४ मध्ये त्यांना हंटिंग्डन आणि पीटरबरो जोडलं. १९९८ मध्ये पीटरबरो पुन्हा वेगळं काढलं. २०१७ मध्ये मेयरच्या छत्राखाली ते परत जोडलं. आता १ एप्रिल २०२८ चं उद्दिष्ट ठेवून पुन्हा नवे तुकडे पाडायचे आहेत. त्रेसष्ट वर्षांत पाच वेळा संसार हलवायचा! दरवेळी पाट्या बदलल्या, अधिकाऱ्यांची पदं बदलली, संगणक बदलले, आणि दरवेळी हाच शेवटचा बदल असं सांगितलं गेलं. यातल्या एकाही फेरीत कौन्सिलला नवा कर बसवायचा अधिकार मिळाला नाही.

उलट तो काढूनच घेतला गेला. १९८४ च्या कायद्याने सरकारने घरपट्टीवर मर्यादा घालायचा अधिकार स्वतःकडे घेतला. १९९० मध्ये दुकानं-कारखान्यांवरची पट्टी किती असावी हे लंडन ठरवू लागलं. त्याच वर्षी माणशी सारखा ‘पोल टॅक्स’ आणला गेला, रस्त्यावर दंगली झाल्या, आणि १९९३ मध्ये कौन्सिल टॅक्स आला. हा कर आजही घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर आकारला जातो. तीस वर्षांहून अधिक काळ एकाही सरकारने इंग्लंडमध्ये फेरमोजणी करायचं धाडस दाखवलं नाही. कौन्सिलने तो ठरावीक टक्क्यांपलीकडे वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. आणि २०१० नंतर सरकारी अनुदान कापलं गेलं. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाने २०१०-११ ते २०१७-१८ या काळात ते महागाई धरून जवळपास निम्म्यावर आलं. वृद्धांची आणि मुलांची काळजी कायद्याने बंधनकारक आहे, ती कापता येत नाही. मग वाचनालय बंद होतं, गावची बस बंद होते, रस्त्याचा खड्डा पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहतो.

नॉर्थॅम्प्टनशायरचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या वित्त अधिकाऱ्याने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे नवा खर्च बंद. नव्या कचेरीवर ५ कोटी ३० लाख पौंड खर्च झाले होते, ती वर्षभरातच विकून भाड्याने घ्यावी लागली. ३६ पैकी २१ वाचनालयं बंद करायचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. सरकारी तपासनिसाने दोष कौन्सिलच्या कारभारावर ठेवला आणि तो बरोबर होता. तिने वर्षानुवर्षं कर मुद्दाम कमी ठेवला होता. २०२१ मध्ये ती कौन्सिल मोडून दोन युनिटरी कौन्सिल केल्या. पण एकच स्तर असणं हे रक्षण असतं, तर थरॉक, स्लाउ, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम इथे अशाच नोटिसा निघाल्या नसत्या. ही सगळी ठिकाणं आधीपासूनच एकस्तरीय होती.

या प्रश्नाचं उत्तर १९७६ पासून सरकारी कपाटात पडून आहे. लेफिल्ड समितीने तेव्हा सांगितलं होतं की स्थानिक सेवांची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवा, केंद्राची की स्थानिक संस्थांची. स्थानिक संस्थांची असेल तर त्यांना स्थानिक आयकर बसवायचा अधिकार द्या, म्हणजे खर्च करणारा आणि कर मागणारा एकच राहील आणि मतदाराला जाब विचारता येईल. कोणत्याही सरकारने हे केलं नाही. जबाबदारी खाली ढकलायची आणि किल्ली वर ठेवायची, हे दोन्ही मोठ्या पक्षांना सोयीचं होतं.

याहून खोलवरचा धोका म्हणजे वरच्या सरकारला गैरसोयीची झाली की खालची संस्थाच पुसून टाकता येते. इंग्लंडमध्ये लिखित राज्यघटना नाही. १९८६ मध्ये थॅचर सरकारने लंडनची ग्रेटर लंडन कौन्सिल आणि मोठ्या शहरांच्या सहा काउंटी कौन्सिल एका कायद्याने बंद केल्या. त्या आधी लंडनच्या कौन्सिलने संसदेसमोर नदीपलीकडच्या आपल्या इमारतीवर बेकारांचा आकडा लावला होता. २०२५ च्या मे महिन्यात होणाऱ्या कौन्सिलच्या निवडणुका एसेक्स, नॉरफोक, सफोक, सरी, हॅम्पशायर आणि दोन्ही ससेक्स इथे पुनर्रचनेचं कारण देऊन पुढे ढकलल्या. २०२१ मध्ये निवडून आलेले सभासद लोकांना न विचारता खुर्चीवर राहिले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचून काय आठवेल ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, दर पाच वर्षांनी निवडणूक घेणं घटनेनेच बंधनकारक केलं. तरी २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, आणि निवडणुका घ्या असं सांगायला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं. घटनेचं कवच असूनही आपली ही गत झाली. ज्यांच्याकडे तेही नाही, त्यांनी तर जास्तच जपायला हवं.

केंब्रिजशायरच्या नव्या नकाशाबद्दल माझी काळजी विस्बेकची आहे. उत्तरेकडचं ते जुनं बंदराचं गाव. तिथली प्रवासी रेल्वे १९६८ मध्ये बंद झाली. आजूबाजूचा फेनलंड हा काउंटीतला सर्वात गरीब भाग आहे. केंब्रिजभोवती औषध आणि संगणक कंपन्यांमुळे घरांच्या किमती आणि कराचं उत्पन्न वाढतं आहे. आजवर दोघांचा एकच खजिना होता. उद्या केंब्रिज एका कौन्सिलमध्ये आणि विस्बेक दुसऱ्या कौन्सिलमध्ये गेलं, तर विस्बेकच्या म्हाताऱ्यांच्या देखभालीला केंब्रिजचा पैसा कुठून येणार? उलट दोघांना एकाच अवाढव्य कौन्सिलमध्ये ठेवलं, तर लाखो लोकांमागे मोजकेच सभासद उरतील, आणि विस्बेकच्या माणसाला आपला सभासद कोण हेही ठाऊक नसेल. पाच लाखांच्या आकड्यात या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही.

म्हणून मला वाटतं, मोडायचंच असेल तर क्रम बदला. आधी घरांची १९९१ ची किंमत सोडून फेरमोजणी करा. आयकराचा ठरावीक वाटा कौन्सिलांना कायद्याने द्या, आणि श्रीमंत भागातून गरीब भागाकडे पैसा जाण्याचं सूत्र त्या कायद्यातच लिहा. गावपातळीच्या पॅरिश कौन्सिलला वाचनालय, समाजगृह, पायवाट यांचा खरा अधिकार द्या, म्हणजे मोठ्या कौन्सिलपासून तुटलेल्या गावाला स्वतःचं सभागृह राहील. हे झाल्यावर नकाशा काढायला बसा. तोवर २०२८ ची तारीख पुढे ढकलली तरी चालेल, पण त्या निमित्ताने एकही निवडणूक पुढे ढकलू नका.